पाच अमावस्या

आमच्या घरात वाताचे डाग द्यायची रीत होती. आजा द्यायचा, मग बाप, मग मी. ज्याचं मनगट धरलं, गुडघा वाकेना, बोटं सुजली, तो रविवारी नाहीतर मंगळवारी उपाशीपोटी आमच्या दारात येऊन बसायचा. दारासमोर गोवऱ्यांचा विस्तव असायचा आणि विस्तवात डागणी. हातभर लोखंडी सळई, एका टोकाला बाभळीची मूठ, दुसऱ्या टोकाला हरभऱ्याएवढा गोळा. तो लाल झाला की सुजलेल्या सांध्याभोवती टेकवायचा आणि उचलायचा. दाबून धरायचा नाही. तोंडानं 'एक' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. एका सांध्याला सात डाग. वरून हळद आणि करडीचं तेल.

मी तिसरीतून शाळा सोडली, पण हे काम मला बापापेक्षा चांगलं जमतं, हे मी बापाच्या तोंडावर म्हणायचो. माझा हात थरथरायचा नाही. सातही डाग सारख्या अंतरावर, मोजून लावल्यासारखे. नायगावकडून, भोकरकडून, पार देगलूरच्या पलीकडून तेलुगू बोलणारी माणसं यायची. आमचं गाव अहमदपूरच्या रस्त्याला. एसटीतून उतरून कुणालाही विचारलं तरी माझं घर दाखवायचे. घेत काही नव्हतो. नारळसुद्धा नाही. घेतलं की हातगुण जातो.

देणाऱ्याला हा एवढा एकच नियम. घेणाऱ्याला दोन. पहिला, डाग बसताना ओरडायचं नाही. ओरडला तर डाग वाया गेला. दुसरा, तिथून पाच अमावस्या होईपर्यंत 'दुखतंय' असं तोंडातून काढायचं नाही. कुणी विचारलं, कसं हाय, तर म्हणायचं, उतार हाय. दुखणं तोंडानं बोललं की निघालेला वात हाक मारल्यासारखा माघारी फिरतो, असं बाप सांगायचा. आणि मधेच दुसऱ्या सांध्याला डाग घ्यावा लागला तर अमावस्या पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या.

या दुसऱ्या नियमानंच आमचं नाव झालं. लातूरच्या बाजारात म्हणा, नांदेडच्या स्टँडवर म्हणा, माझ्याकडून डाग घेतलेला माणूस भेटला की तो उतार हाय म्हणायचा. कुणी दुसरं काही म्हणालाच नाही. मला वाटायचं, हाताला यश हाय.

एकदा लातूरच्या आडतीवरचा हमाल आला. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेणारा माणूस, खांदा धरला म्हणून आलेला. माझी बायको विस्तव फुंकायची आणि माणसाचं कोपर धरून बसायची. तिनं त्याचं कोपर धरलं. तिसऱ्या डागाला तो "आई गं" म्हणाला. मी डागणी विस्तवात परत ठेवली.

"जा. घरी जाऊन मायच्या मांडीवर नीज."

"अवो, पण चारच राहिलेत."

"तुझे राहिले. माझे झाले."

बसलेली सगळी माणसं हसली. तो खाली मान घालून, तीन डाग घेऊन गेला. मी महिनाभर ही गोष्ट सांगत होतो. बायको हसली की नाही ते मी बघितलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात डागाला येणारी माणसं कमी झाली. पोटाला मिळंना तिथं गुडघ्याकडं कोण बघतो. गावालगत रस्त्याचं काम निघालं. मी मातीवर, बायको खडीवर. दिवसभर उन्हात बसून हातोडीनं दगड फोडायचा, संध्याकाळी मुकादम ढीग मोजून जायचा. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापली की कडेनं फुटायची.

एका सकाळी बायको परातीपुढं बसून होती. पिठात पाणी घातलेलं, हात पिठात, आणि हात हलत नव्हते. माझी माय चुलीपाशी होती.

"काय गं, पिठात मुंगी शिरली का?"

"बोटं उघडंनात."

"कामाच्या येळंला कुणाचीच उघडत न्हाईत. जेवायच्या येळंला उघडतील बघ."

मी हसलो. मायचं बोलणं मला आवडायचं.

खडीवरच्या सगळ्याच बायांचे हात सुजले होते. पण बाकीच्या बायांचा एक हात, हातोडी धरायचा, तोच दुखायचा. हिचे दोन्ही दुखायचे, सारखेच. बाकीच्यांचे संध्याकाळी दुखायचे, हिचे सकाळी. उठल्यावर दोन-अडीच तास बोटं मुडपलेली राहायची, मग ऊन वर आलं की हळूहळू सुटायची आणि ही हातोडी धरायची. म्हणून मला ते सोंग वाटलं. सकाळी कामाला हात उठत नाही आणि दुपारी दगड फुटतो, हे कसलं दुखणं? पुढं डॉक्टरनं सांगितलं की या रोगाची खूण हीच. सकाळी धरतं, दुपारी सोडतं, आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगाला सारखं होतं. ते कळायला मला बारा वर्षं लागली आणि ती बारा वर्षं तिच्या हातांतून गेली.

पुढच्या साली पाऊस झाला, रस्त्याचं काम बंद पडलं. बाकीच्या बायांचे हात बरे झाले. हिचे झाले नाहीत. वेणी घालता येईना, निऱ्या खोचता येईनात. मग मी एका मंगळवारी तिला विस्तवापुढं बसवलं. दोन्ही मनगटं. चौदा डाग. तिचं कोपर धरायला कुणी नव्हतं, कारण धरणारी तीच. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला आणि भिंतीकडं बघत बसली. एकदाही हुं म्हणाली नाही. माझी छाती भरून आली. चार माणसांत मी म्हणालो, हमाल रडला आन माझी बायको न्हाई रडली.

आठ दिवसांनी विचारलं, "कसं हाय?"

"उतार हाय."

तिथून ती माझ्या कामाची झाली. नवीन माणूस डागणी बघून घाबरला की मी तिला बोलवायचो. "अगं, ती घागर उचलून दाव यांना." भरलेली तांब्याची घागर. ती खाली वाकायची आणि घागर उचलून कमरेवर घ्यायची. माणूस बघायचा आणि हात पुढं करायचा. ती घागर बोटांनी उचलत नव्हती. घागरीच्या गळ्यात कोपराची बेचकी घालून, अंगाच्या जोरावर वर घ्यायची. हे मी बघितलं होतं. रोज बघत होतो. माणसाला दिसलं नाही म्हणून मलाही दिसलं नाही, असं मी ठरवलं होतं.

पुढं अंगठ्याचे सांधे धरले. ते डागले. मग गुडघे. मग कोपरं. तीन-चार महिने जात, एक सांधा बसल्यासारखा वाटे, तोवर दुसरा फुगायचा. मी डागणी काढायचो. दुखतंय असं ती कधी म्हणाली नाही, त्यामुळं कुठला सांधा कधी डागायचा हे मीच सूज बघून ठरवायचो. घरात मात्र तिच्या हातून वस्तू सुटायच्या. तवा सुटायचा, तांब्या सुटायचा. मी म्हणायचो, "उतार हाय तर भांडं सुटतं कसं?" याचं उत्तर 'दुखतंय' हेच होतं. नियमात ते बसत नव्हतं. एकदा दुधाचा गंज सुटला आणि सगळं दूध शेणात गेलं. मी हात उगारला. उगारला म्हणजे मारला. थोबाडीत बसल्यावर माणूस गालाला हात लावतो. तिनं मनगट लावलं. बोटं गालाला लागत नव्हती.

मग लातूर जिल्हा झाला. त्याआधी आमचा जिल्हा उस्मानाबाद, साध्या कागदाला जायचं तर दोन दिवस मोडायचे. आता लातुरातच कलेक्टर बसणार म्हणून गावात गुलाल उडाला. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागला. पांढरे कपडे घालून तो आमच्याकडं आला, पेढे दिले आणि बाजेवर बसला.

"दाजी, लातूरला सरकारी दवाखान्यात हाडाचा डाक्टर आलाय. ताईला घेऊन या."

"तुझ्या ताईला काय झालंय?"

"तिची बोटं बघा की."

"मी रोज बघतो. तू सहा महिन्यानं येतो आन मला दाखवून राहिला?"

"दाजी, बैलालासुद्धा माणूस एकदाच डागतो."

हे मला लागलं. मायला पण लागलं, ती आतून म्हणाली, "ऐकलं का रे, तुझी जनावरात गिनती कराया लागलं पोरगं."

मी म्हणालो, "कलेक्टरच्या दारावर स्टुलावर बसायचं काम तुझं, आन सल्ला कलेक्टरचा. तिलाच इचार. बाई समोर उभी हाय."

बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चहाची कपबशी तिनं दोन्ही तळहातांच्या मधे धरलेली. भाऊ उठून तिच्यापुढं गेला.

"ताई, खरं सांग. दुखतं का?"

तिनं वर आढ्याकडं बघितलं. मनातल्या मनात काहीतरी मोजावं तसं तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "उतार हाय, भाऊ."

"ऐकलं?" मी म्हणालो. "आता चहा घे आन शेवटची गाडी गाठ."

त्यानं चहा घेतला नाही. चपला घातल्या आणि गेला. दोन वर्षं तो आमच्या उंबऱ्याला आला नाही.

त्याच रागात मी पुढच्या मंगळवारी तिच्या दोन्ही घोट्यांना डाग दिले. सूज होती, नव्हती असं नाही. पण मी सूज बघून दिले नाहीत, मेहुण्याला बघून दिले. ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "आठ दिस थांबा की." मी म्हणालो, "आठ दिसानं काय सूज तुला सोन्याचे तोडे घालणार हाय का?" मग ती बसली. पाय पुढं केले. पदर तोंडात घातला.

पुढच्या वर्षी माय गेली. आणि त्या हिवाळ्यात एका सकाळी विहिरीवर माझ्या हातातून तांब्या पडला.

मी उचलायला गेलो तर बोटं मुडपलेली. उघडायला गेलो तर उघडेनात. मी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. आधी मला याच गोष्टीचं बरं वाटलं.

मी लपवलं. सकाळी उठल्यावर हात वाकळेत घालून बसायचो, ऊन येईपर्यंत बाहेर निघायचो नाही. गुंडीचा सदरा सोडून बिनगुंड्यांची बंडी घालायला लागलो. डागाला आलेल्या माणसांना सांगितलं, आता दुपारनंतर येत जा, सकाळचा डाग लागू पडत नाही. बापाच्या नावावर हेही खपलं.

पण दुपारीही हात पहिल्यासारखा राहिला नाही. नायगावकडची एक नवी सून आली होती, बोटं सुजलेली. पाचव्या डागाला माझा अंगठा सुटला आणि डागणी तिच्या हातावरून घसरली. बोटभर लांबीची रेघ उठली. ती ओरडली नाही. नियम होता. तिनं फक्त वर माझ्याकडं बघितलं. तिची सासू म्हणाली, "अशी रेघ ओढायची असती व्हय?" मी म्हणालो, "हिचा वात जुना हाय, त्याला रेघच लागती." सासूनं मान हलवली. बायकोनं त्या पोरीचं कोपर धरलं होतं. तिनं ते सोडलं आणि उठून आत गेली.

दुसऱ्या मंगळवारी मी कुणालाच घेतलं नाही. दुपारी दार लावलं, परसात विस्तव केला आणि बायकोला म्हणालो, "माझ्या मनगटाला दे. तुला समदं ठाऊक हाय."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. तिला आधीच कळलं असावं. वाकळेत हात घालून बसणारा माणूस ओळखायला तिच्याइतकं कोण शहाणं. तिनं विस्तव फुंकला. गोळा लाल झाला. मग ती मूठ धरायला गेली आणि बोटं मुठीभोवती वळेनात. एकदा गेली, दोनदा गेली. सळई परत विस्तवात पडली. इतकी वर्षं जिनं माझ्या हातात डागणी दिली, ती डागणी कशानं धरत होती, हे मला त्या दिवशी दिसलं. दोन्ही तळहातांच्या मधे, चिमट्यासारखी.

तशीच तिनं धरली. माझ्या मनगटावर टेकवली. टेकवून लगेच उचलता मात्र आली नाही. 'एक' झालं, 'दोन' झालं, 'तीन' झालं.

मी ओरडलो. साधं नाही, गाय हंबरावी तसा. पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

"काय न्हाई," बायको मोठ्यानं म्हणाली. "तांब्या पडला."

मग तिनं डागणी मातीत ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

"वाया गेला," ती म्हणाली. "ओरडलात तुमी."

मी हात काखेत दाबून बसलो होतो. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"बरं झालं. आता तुमाला बोलता यील."

"काय बोलता यील?"

"दुखतंय म्हणून."

मला संताप आला. "आन तुला? तुला काय बोलायचं व्हतं इतके दिस?"

ती सावकाश बोलली, दळणाला किती पायल्या दिल्या ते सांगावं तशी.

"मी मोजत व्हते. दर डागाला पहिल्यापासून. कधी दोन व्हायच्या, कधी तीन, की तुमी नवा सांधा काढायचा. एकदाच चार झाल्या. भाऊ आला तवा. पाचवीला आठ दिस व्हते. पाचवी झाली की तुमाला सांगायचं, लई दुखतंय, पहिल्या दिसापासून दुखतंय, आन भावासंगं लातूरला जायाचं, असं ठरवलं व्हतं. तुमी घोटे डागले."

"मग मोडायचा नियम. जीव गेला असता का?"

"मोडला असता तर तुमीच म्हणला असता, तू बोललीस म्हणून बरी झाली न्हाईस."

मी नेमकं तेच म्हणालो असतो.

तरी मी लगेच उठून गेलो असं नाही. अजून वीस-पंचवीस दिवस काढले. मग एका सकाळी मला धोतराचा काष्टा घालता येईना. तिला तर येतच नव्हता. दोघं नवरा-बायको एका धोतराशी झटत होतो. शेवटी तिनं टोक दातांत धरून माझ्या पाठीमागं खोचलं आणि म्हणाली, "चला आता. उद्या दातबी पडतील."

लातुरात आधी नव्या कचेरीवर गेलो. मेहुणा खरंच दाराशी स्टुलावर बसला होता.

"दाजी? कुणाला भेटायचंय?"

"तुझ्या सायबाला."

"सायब दौऱ्यावर हायत. मी चालतो का?"

मी मान खाली घातली. त्यानं दोन तासांची सुट्टी काढली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. रांग व्हरांड्यातून पार बाहेर झाडाखाली गेलेली. नंबर आला तेव्हा डॉक्टरनं, तरणाच होता, आधी तिच्याकडं बघून हात पुढं केला. बोटं लांबूनच दिसत होती. ती मागं सरली.

"आधी यांचं बघा," ती म्हणाली. "यांना सोसत न्हाई."

मागच्या रांगेतली दोन-चार माणसं हसली. हमालाला हसली होती तशीच.

रक्त घेतलं, हातांचे फोटो काढले. निकाल घ्यायला पुन्हा आठ दिवसांनी गेलो. डॉक्टर म्हणाला, दोघांनाही आमवात आहे. हा थंडीनं होत नाही, खाण्यानं होत नाही. अंगात रोगाशी लढायची जी ताकद असते, तीच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते. मला विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, सात-आठ महिने. "लवकर आलात," तो म्हणाला. "गोळ्या कायम घ्याव्या लागतील, पण हात धरून ठेवता येतील."

मग तिला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दुष्काळापासून. त्यानं लिहायचं थांबवलं. फोटो उजेडाला धरून मला दाखवला. माझ्या फोटोत हाडाहाडांत काळी फट होती. तिच्या मनगटात फटच नव्हती, सगळं मिळून एक पांढरा दगड झालेला. "दुखणं कमी करता येईल," तो म्हणाला. "बोटं आता सरळ होणार नाहीत. मूठ नाही व्हायची."

त्यानं तिचं मनगट उलटसुलट करून बघितलं. "हे कुणी केलं?"

मेहुणा भिंतीकडं बघायला लागला. मी म्हणालो, "मी." आणि खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला एवढंच दिसलं की सातही डाग सारख्या अंतरावर होते.

"बाई, कुठं कुठं दुखतं?" डॉक्टरनं विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "सांग." मग ती सांगायला लागली. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. तळवा, घोटा, गुडघा. कुठला कधी धरला, कुठल्या कुशीवर झोप येत नाही, पाण्यात हात घातला की काय होतं, जात्याचा खुंटा, दाराची कडी, पोलक्याचे हुक. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. "आवरा की बाई, आमीबी दुखणंच घेऊन आलोय." ती आवरत नव्हती. मानेपर्यंत आली आणि म्हणाली, जबडाबी. डॉक्टरनं सगळं लिहिलं नाही, पण सगळं ऐकलं. मी उभा होतो. बसायला जागा होती, पण बसलो नाही.

गोळ्या सुरू झाल्या. मला दोन महिन्यांत गुण आला. गुण आला म्हणून मी गोळ्या सोडल्या. आजार मोडला की औषध कशाला? महिनाभरात सगळं परत आलं, गुडघे घेऊन आलं. बायको म्हणाली, "हिथं पाच अमावस्या न्हाईत, जलमभर हाय." तिथून मी गोळी चुकवली नाही. सकाळी दोघं कोमट पाण्यात हात घालून बसायचो, एकाच घमेल्यात. माझी बोटं पंधरा-वीस मिनिटांत उघडायची. मी हात काढून पुसायचो. ती पाणी गार होईपर्यंत बसून राहायची. आता माझं वय झालं आहे, हात दुखतात, पण लिहिता येतं. रोज अर्धं पान होतं. भाकऱ्याही मी थापतो. तिच्या सांगण्यावरून थापतो आणि त्या वाकड्या होतात.

डागणी मी पुन्हा हातात घेतली नाही. पण गोळ्या सुरू झाल्यावर सहा-सात महिन्यांनी भोकरकडचा एक माणूस आला. सोबत त्याची बायको, पंचविशीतली. हात पदराखाली झाकलेले. मी म्हणालो, "डाग बंद केले. लातूरला न्या नाहीतर नांदेडला, सरकारी दवाखान्यात. लगेच न्या."

"का थट्टा करून राहिलात मालक? इतक्या लांबून आलोय."

"डागानं काही व्हत न्हाई."

तो हसला. "व्हत कसं न्हाई? मागं मी मेव्हण्यासंगं आलतो. या बाईंनी भरलेली घागर उचलून दावली. ह्या डोळ्यांनी बघितली."

बायको उंबऱ्यावर बसली होती. तिनं दोन्ही हात पुढं करून त्याला दाखवले. तो बघत राहिला, मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पथ्य मोडलं असंल यांनी. कुठंतरी बोलल्या असत्याल." मग म्हणाला, "तुमचा हात गेला असंल तर ऱ्हाऊ द्या. नायगावकडंबी एक देणारा हाय म्हणतेत." आणि बायकोला घेऊन निघाला.

माझी बायको म्हणाली, "हाक मारा त्येला."

"एकदा सांगितलं की. ज्याला पटत न्हाई त्याच्या मागं पळायची आमची रीत न्हाई."

"तिनं जाताना पदर मुठीत धरला व्हता. मी बघितलं. तिची मूठ वळती अजून."

मी जागचा हललो नाही. ती भिंतीला धरून उठली आणि निघाली. डागलेल्या घोट्यांवर, पाय घासत, एसटीच्या फाट्याकडं. "ये पोरी," म्हणून तिनं हाक मारली. आवाज लांब गेला नाही. मी ओसरीवरून बघत होतो. माझे गुडघे त्या दिवशी चांगले होते, गोळ्या लागू पडल्या होत्या, चारदा पळत जाऊन आलो असतो. ती फाट्याअलीकडच्या चिंचेपर्यंत पोचली तेव्हा गाडी सुटली.